ट्रेलर भाड्याने देणाऱ्यांना खुले पत्र: वजन किती हे विचारता, कुठे हेही विचारा

ट्रेलर भाड्याने देणाऱ्या सर्व व्यावसायिकांना,

स. न. वि. वि.

गेली अकरा वर्षे मी माझ्या साध्या प्रवासी गाडीमागे ट्रेलर जोडून सामानाची ने-आण करत आलो आहे. वर्षातून चार-पाच वेळाच गरज पडते, त्यामुळे स्वतःचा ट्रेलर घेण्यात अर्थ नाही आणि दरवेळी तो आपल्यापैकी कुणाकडून तरी भाड्याने घ्यावा लागतो. या काळात मला बहुतेक ठिकाणी दोनच प्रश्न विचारले गेले: गाडीला हुक आहे ना, आणि ट्रेलर परत कधी आणून देणार. जरा काळजीने धंदा करणारा मनुष्य तिसरा प्रश्न विचारतो, की सामान साधारण किती वजनाचे आहे. ते सामान ट्रेलरमध्ये कुठे ठेवणार, हा चौथा प्रश्न मात्र मला आजवर एकदाही कुणी विचारलेला नाही. हे पत्र त्या चौथ्या प्रश्नासाठी आहे.

पहिल्याच वर्षीची गोष्ट सांगतो. घर बदलायचे होते आणि एका एक्सलचा (म्हणजे चाकांच्या एकाच जोडीचा), बंद पेटीचा ट्रेलर भाड्याने घेतला होता. गाद्या, खुर्च्या, कपड्यांच्या पिशव्या असे हलके सामान आम्ही आधी पुढच्या भिंतीपर्यंत सरकवले, मग पुस्तकांची खोकी रचली आणि सगळ्यात शेवटी, दाराशी, कपडे धुण्याचे यंत्र ठेवले. नव्या घरी ते आधी उतरवता यावे, एवढाच विचार त्यामागे होता. ट्रेलरवर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा वजन बरेच कमी असल्याने आम्ही निर्धास्त होतो. ताशी ६० किलोमीटरला सगळे शहाण्यासारखे चालले, ७० लाही चालले. मग एका लांब उतारावर काटा ८५ च्या आसपास गेला, शेजारून एक मोठा ट्रक पुढे निघाला, त्याच्या हवेचा झोत पेटीवर आदळला आणि ट्रेलरने आपले मागचे टोक डावीकडे टाकले, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, दरवेळी आधीपेक्षा जास्त. गाडीची मागची बाजू कुणीतरी धरून आळीपाळीने ओढत आहे, असे बसल्या जागी जाणवत होते. अशा वेळी काय करायचे ते मला ठाऊक नव्हते. भीतीने पाय ऍक्सिलरेटरवरून निघाला, हात स्टीअरिंगवर होते तिथेच आवळले गेले, आणि केवळ योगायोगाने तेच बरोबर होते. पाच-सहा हेलकाव्यांनंतर, वेग साठच्या खाली आल्यावर, ट्रेलर पुन्हा रेषेत आला.

पुढच्या थांब्यावर गाडी उभी करून मी ट्रेलरच्या पुढच्या, गाडीला जोडणाऱ्या दांडीचे टेकूचे चाक खाली सोडले आणि कपलरची, म्हणजे दांडीच्या टोकाच्या गाडीला पकडणाऱ्या तोंडाची, पकड उघडली. पकड सुटताच दांडी आपोआप वीतभर वर उचलली गेली आणि ट्रेलरची मागची बाजू खाली टेकली. म्हणजे इतका वेळ तो ट्रेलर माझ्या गाडीची मागची बाजू दाबून ठेवण्याऐवजी वर उचलत होता. आम्ही सगळे सामान बाहेर काढले, यंत्र एक्सलच्या जरासे पुढे ठेवले, खोकी त्याच्या शेजारी रचली आणि गाद्या मागे टाकल्या. गाडी तीच, ट्रेलर तोच, वजन तेच. उरलेल्या प्रवासात दोन ट्रक तसेच पुढे गेले, पण मागे ट्रेलर आहे हे आरशात पाहिल्यावरच आठवत होते.

बैलगाडीत मागच्या बाजूला भार जास्त होऊन पुढचे टोक उचलले जाऊ लागले, की ती उलाळ झाली असे मराठीत म्हणतात. शब्द जुना आहे आणि अगदी नेमका आहे. बैलाच्या वेगाला उलाळ गाडी फार तर गैरसोयीची असते. मोटारीच्या वेगाला ती जिवावर उठते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टो-बॉल, म्हणजे कपलर ज्यावर बसतो तो गाडीच्या हुकाचा गोळा, हा गाडी आणि ट्रेलर यांना जोडणारा एकच बिंदू असतो आणि ट्रेलर त्याभोवती डावीउजवीकडे झुलू शकतो. वाऱ्याने किंवा खड्ड्याने तो जरा बाजूला गेला, की त्याची चाके तिरकी होतात आणि टायर रस्त्याला घासून त्याला पुन्हा रेषेकडे ढकलतात. जड वस्तू एक्सलच्या मागे असेल, तर एक्सल रेषेवर परतला तरी ती वस्तू आपल्या झोकाने पलीकडे निघून जाते, ट्रेलरला विरुद्ध बाजूस ओढते आणि त्याच वेळी दांडीमार्फत गाडीच्या मागच्या भागालाही रेटा देते. टायरांची ही आवरून धरण्याची ताकद वेग वाढतो तसतशी अपुरी पडू लागते. एका ठराविक वेगाच्या खाली प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होतो, त्या वेगाच्या वर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. हा वेग कुठल्याही पाटीवर लिहिलेला नसतो, कारण तो त्या दिवशी सामान कसे भरले आहे यावर ठरतो. माझा त्या दिवशी ८५ च्या खाली होता. सामान हलवल्यावर तो कुठेतरी खूप वर गेला असणार.

यात आणखी एक खोच आहे. दोन जड वस्तू, एक अगदी पुढे आणि एक अगदी मागे, अशा ठेवल्या तर दांडीवरचा भार तंतोतंत बरोबर येऊ शकतो आणि तरीही ट्रेलर हेलकावतो. एकदा फिरू लागलेली लांब काठी, दोन्ही टोकांना वजने बांधलेली असतील, तर थांबवणे किती अवघड जाते ते हातात धरून पाहिल्यास लगेच कळते. म्हणून जड वस्तू एक्सलच्या जवळ, किंचित पुढे आणि शक्य तितक्या खाली हव्यात, आणि दोन्ही टोकांना फक्त हलके सामान हवे.

ग्राहकाला ट्रेलर देताना हेलकावे सुरू झाल्यास काय करायचे, हे दोन वाक्यांत सांगता येते आणि ते सांगायलाच हवे, कारण मनुष्याची उपजत बुद्धी इथे नेमकी दगा देते. पाय ऍक्सिलरेटरवरून काढावा आणि स्टीअरिंग सरळ, घट्ट धरून ठेवावे, बस. जोरात ब्रेक मारल्यास गाडी आपला वेग कमी करते, ट्रेलर मात्र मागून रेटतच राहतो आणि दोन्ही मिळून कोपरात हात दुमडावा तशी दुमडतात. स्टीअरिंगने हेलकावा मोडायला जावे, तर चालकाच्या मेंदूपासून चाकापर्यंत हालचाल पोहोचायला जवळजवळ एक सेकंद लागतो आणि एक हेलकावा एक-दोन सेकंदांचाच असतो. म्हणजे उपाय पोहोचेपर्यंत ट्रेलर आधीच परत फिरलेला असतो आणि चालक त्याला उलट झोका देऊन बसतो. वेग वाढवून ट्रेलरला 'सरळ ओढून काढावे' असा एक सल्लाही फार आत्मविश्वासाने दिला जातो. हेलकाव्यांचे कारणच वेग असताना तो वाढवण्याचा सल्ला कुणी प्रथम दिला असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटते. ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतील आणि त्यांचे स्वतंत्र बटण चालकाच्या हाताशी असेल, तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हळुवार लावल्याने तो मागे ताणला जाऊन सरळ होतो; पण भाड्याच्या लहान ट्रेलरांना ही सोय सहसा नसते.

आता आकड्यांकडे येतो. दांडीवर किती भार असावा याबाबत अमेरिकेतला प्रघात भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असा आहे, तर युरोपात साधारण ५ ते ७ टक्के सांगितले जातात, कारण तिथल्या गाड्यांच्या टो-बॉलवर उभा भार घेण्याची मर्यादा लहान असते आणि ट्रेलर ओढतानाची वेगमर्यादाही कमी असते. कोणताही प्रघात धरला तरी दोन गोष्टी पक्क्या आहेत: भार शून्य किंवा उणे होता कामा नये, आणि गाडीच्या व टो-बॉलच्या पाटीवर दिलेली उभ्या भाराची मर्यादा ओलांडली जाता कामा नये. या दोहोंमध्ये बसणे वाटते तितके कठीण नाही. समजा एक्सलपासून टो-बॉलपर्यंतचे अंतर ३ मीटर आहे. १०० किलोची वस्तू १ मीटर पुढे सरकवली, तर दांडीवरचा भार सुमारे ३३ किलोंनी वाढतो. माझ्या त्या यंत्राचे वजन ७० किलोंच्या घरात असावे आणि आम्ही ते दीड मीटर पुढे आणले. एवढ्यानेच दांडीवर ३५ किलो उतरले, पुस्तकांचे वेगळेच.

हा भार मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. मी कपलर टो-बॉलवर ज्या उंचीला बसतो त्या उंचीचा लाकडाचा एक तुकडा कापून ठेवला आहे. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना उटी लावतो, काट्यावर फळी ठेवतो, फळीवर तो तुकडा उभा करतो, टेकूच्या चाकाची मूठ फिरवत दांडी हळूहळू त्यावर टेकवतो आणि टेकूचे चाक जमिनीपासून सुटले की आकडा वाचतो. तुकडा काट्याची जाडी वजा करून कापावा लागतो, हे मला दुसऱ्या तुकड्याच्या वेळी कळले. ट्रेलर आडवा, समतल असणे महत्त्वाचे आहे. नाक वर असलेल्या ट्रेलरमध्ये भार मागे झुकतो आणि काट्यावरचा आकडाही फसवतो. सगळ्याला पाच मिनिटे लागतात. मोठ्या, दोन एक्सलच्या ट्रेलरला हा काटा अपुरा पडतो हे खरे, पण प्रवासी गाडीमागे लागणाऱ्या बहुतेक ट्रेलरांचे काम यात भागते.

आपले उत्तर मला ठाऊक आहे, कारण मी ते ऐकले आहे: ट्रेलर आमच्या आवारातून रिकामा जातो, तो पुढे कुठे आणि कसा भरला जातो हे आम्ही कसे पाहणार? हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु जो ट्रेलर आपण देता त्याच्या तळाशी, एक्सलच्या बरोबर वर एक रंगीत आडवी पट्टी, आणि तिच्या पुढे अर्धा-पाऊण मीटरवर दुसरी पट्टी मारून 'जड सामान या दोन पट्ट्यांमध्ये' एवढे लिहिणे आपल्याच हातात आहे. एका डब्याच्या रंगात दहा ट्रेलर होतील. सामान भरणारा मनुष्य कोणतीही माहितीपुस्तिका वाचत नाही, पण पायाखाली रंगवलेली रेघ त्याला दिसतेच. बंद पेटीच्या ट्रेलरमध्ये तर बाहेरून एक्सल कुठे आहे हे कळते, आत शिरल्यावर कळत नाही. आम्ही नेमके तिथेच फसलो होतो. परतीच्या फेरीचाही यात विचार व्हावा. जाताना भरताना लोक सावध असतात. येताना अर्धे सामान उतरलेले असते, उरलेले होते तिथेच, बहुधा मागे, पडून असते आणि हलका झालेला ट्रेलर जास्त धोकादायक होतो.

गाडीच्या मर्यादेविषयी आपल्याकडे जो एकच आकडा पाहिला जातो, त्याबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. गाडीच्या पुस्तिकेत 'ओढण्याची क्षमता' अमुक किलो असे असते आणि ग्राहक व व्यावसायिक दोघेही तो आकडा म्हणजे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र समजतात. युरोपीय मान्यता-नियमांत हा आकडा ठरवताना एक अट अशी असते, की भरलेल्या ट्रेलरसह गाडी १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा जागची हलली पाहिजे. म्हणजे हा आकडा प्रामुख्याने गाडी ट्रेलरला ओढू शकेल का ते सांगतो. उतारावर, बाजूच्या वाऱ्यात, ८५ च्या वेगाला ट्रेलर गाडीला कुठे ओढून नेईल, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. शिवाय या क्षमतेचे दोन आकडे असतात, ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आणि ब्रेक नसलेल्यासाठी दुसरा, आणि दुसरा पहिल्यापेक्षा बराच लहान असतो. गाडीसह ट्रेलरच्या एकूण वजनाची मर्यादा तिसरीच असते. गाडीत पाच माणसे आणि डिकीत सामान असेल, तर ट्रेलरसाठी उरणारा वाटा आपोआप आकसतो.

ब्रेक नसलेल्या ट्रेलरचा आकडा इतका लहान का असतो, हे एका साध्या हिशेबाने दिसते. १२०० किलोची गाडी कोरड्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगावरून पूर्ण ताकदीने ब्रेक लावून सुमारे ३१ मीटरांत थांबते असे धरू. तिच्यामागे ७५० किलोचा, ब्रेक नसलेला ट्रेलर जोडला, तर थांबवायचे वजन १९५० किलो होते, थांबवणारे टायर मात्र त्याच गाडीचे चार असतात. तेच अंतर मग ५० मीटरांवर जाते. हा हिशेबही उदार आहे, कारण यात ट्रेलरच्या रेट्याने गाडी तिरकी होणे धरलेले नाही, ब्रेक तापणे धरलेले नाही आणि चालकाला भान यायला लागणारा वेळही धरलेला नाही. लांब उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर वेग आवरावा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नये, हे म्हणूनच सांगावे लागते. युरोपात ७५० किलोंपेक्षा जास्त वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे सक्तीचे आहे. असे ब्रेक बहुधा गाडीच्या धक्क्यावर चालतात: गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलर पुढे सरकतो, कपलर आत दाबला जातो, आतली सळई तारांना ओढते आणि ड्रमचे ब्रेक लागतात. रचना साधी आणि चांगली आहे, पण वर्षानुवर्षे आवारात पाण्यापावसात उभ्या असलेल्या ट्रेलरची ती सळई गंजून अडकते आणि मग ब्रेक असलेला ट्रेलर ब्रेक नसलेल्यासारखाच वागतो. आपल्यापैकी किती जण दर हंगामात तिला ग्रीस लावून, हाताने रेटून पाहतात, हे मी विचारू इच्छितो.

दांडीवरचा भार गाडीवर नक्की काय करतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. टो-बॉल मागच्या चाकांच्या मागे साधारण १ मीटरवर असतो. तिथे ७५ किलो ठेवले आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.६ मीटर असले, तर तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर सुमारे १०४ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून सुमारे २९ किलो उठतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ओढणारी आणि वळवणारी चाके हीच असतात. ओल्या चढावर ती जागच्या जागी फिरू लागली, तर दोष इंजिनाचा नसतो. मागच्या टायरांत पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हवा वाढवणे आणि हेडलाइटचा झोत खाली आणणे, ही दोन छोटी कामे यातूनच निघतात. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत दिवे जात असतील, तर तो आपल्याला चमकवून दाखवतो आणि आपण त्याला उद्धट समजतो.

जोडणीच्या वेळी होणारी सर्वात घातक चूक दिसायला जेमतेम तीन मिलिमीटरची असते. जगात बहुतेक ठिकाणी टो-बॉलचा व्यास ५० मिलिमीटर असतो. उत्तर अमेरिकेत दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, आणि त्याखेरीज पावणेदोन इंचांहून जरा मोठा, १ पूर्णांक ७/८ इंचाचा, म्हणजे ४७.६ मिलिमीटरचाही असतो. दोन इंची कपलर या लहान बॉलवर बसतो, पकड लागल्याचा आवाजही येतो आणि पहिल्या चांगल्या खड्ड्यात तो वर निसटतो. कपलर बसला की नाही हे आवाजावरून ठरवू नये. पकड लावून झाल्यावर टेकूचे चाक पुन्हा खाली फिरवावे आणि गाडीची मागची बाजू ट्रेलरसोबत दोन-तीन बोटे वर उचलली जाते का ते पाहावे; ती उचलली गेली तर पकड खरी. ही चाचणी मी एका आवारात करू लागलो, तेव्हा तिथला कामगार माझ्याकडे, हा आता गाडी मोडतो की काय, अशा नजरेने पाहत राहिला.

सुरक्षेच्या दोन साखळ्या दांडीच्या खालून एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडीचे नाक त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. ब्रेक असलेल्या ट्रेलरला बहुधा साखळीऐवजी एक पातळ तार असते. ट्रेलर सुटून मागे पडू लागला, की ती त्याचा हँडब्रेक ओढते आणि मग स्वतः तुटते. ही तार नुसती टो-बॉलच्या मानेवर अडकवलेली मी अनेकदा पाहिली आहे. तशी अडकवल्यास कपलरबरोबर तीही वर निसटू शकते आणि ऐन वेळी काहीच ओढत नाही. तिच्यासाठी टो-बारवर, म्हणजे टो-बॉल ज्यावर बसवलेला असतो त्या गाडीच्या मागच्या दांड्यावर, वेगळे कडे असते. ते नसेल तर ट्रेलर देण्याआधी आपण बसवून घ्या.

टायरांबाबत थोडक्यात. ट्रेलरचे टायर झिजून नव्हे, वयाने मरतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडलेल्या असतात. टायरवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. मला एकदा ट्रेलर मिळाला त्याचा एक टायर दुसऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा होता. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून चाकाच्या मध्याजवळ हात न्यावा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच तापली असेल, तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक बोलतो आहे. चाकाचे नट त्याच थांब्यावर पुन्हा आवळून पाहावेत. दिव्यांची तपासणी एकट्याने होत नाही, कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवायला हवा. डावा इंडिकेटर लावल्यावर मागचा लाल दिवाही लुकलुकू लागला, तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंग तपासा.

हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत ट्रेलरचे हेलकावे ओळखून एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा असते आणि ती खरोखर उपयोगी आहे. पण ट्रेलर जोडला आहे हे गाडीला बहुधा दिव्यांच्या सॉकेटमधून कळते, आणि हुक नंतर बाहेरून बसवून घेतला असेल व वायरिंग साधे असेल, तर गाडीला मागे काही आहे याचा पत्ताच नसतो. ग्राहक मात्र गाडीत सगळे आहे म्हणून निश्चिंत असतो. शिवाय उलाळ भरलेल्या ट्रेलरला ही यंत्रणा सरळ करत नाही, फार तर वेळेवर वेग उतरवते.

कायदा हे सगळे बघून घेईल, असेही मानून चालत नाही. जर्मनीत गाडीमागे ट्रेलर असल्यास साधारणपणे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि ठराविक अटी पूर्ण केल्यासच १०० ची परवानगी मिळते. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ६० मैल, कॅलिफोर्नियात ५५ मैल. याच ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून गाडीचा परवाना असणाऱ्याला ३५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढण्यासाठी वेगळी परीक्षा देण्याची गरज उरलेली नाही. अनेक देशांत लहान ट्रेलरसाठी अशी परीक्षा कधी नव्हतीच. याचा अर्थ असा, की आयुष्यात पहिल्यांदा ट्रेलर ओढणाऱ्या माणसाला निघण्यापूर्वी भेटणारा एकमेव जाणकार बहुतेक वेळा आपण असता. शिकवणी वर्ग काढा असे मी म्हणत नाही. वळणावर ट्रेलर आतल्या बाजूला कापतो म्हणून गाडी जरा पुढे नेऊन वळवावी. मागे घेताना स्टीअरिंगचा तळ धरावा आणि ट्रेलरचे मागचे टोक ज्या बाजूला हवे त्याच बाजूला हात न्यावा. ट्रेलर आरशातून पूर्ण दिसत नसेल तर जोड-आरसे लावल्याशिवाय निघू नये. एवढे सांगायला आपल्याला पावती फाडण्याइतकाच वेळ लागेल. मागे घेण्याचे तर आपल्या मोकळ्या आवारात दोनदा करून घेतले, तर आपल्याच ट्रेलरचे कोपरे शाबूत राहतील.

माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक ट्रेलरच्या तळावर त्या दोन पट्ट्या असाव्यात. दांडीवर रिकामे वजन, जास्तीत जास्त वजन, कपलरचा व्यास आणि दांडीवर अपेक्षित भार, हे चार आकडे जोडणी करणाऱ्याला वाकून न बघता वाचता येतील अशा जागी रंगवलेले असावेत. आवारात एक वजनकाटा आणि लाकडाचे दोन-तीन तुकडे असावेत, आणि भरलेला ट्रेलर घेऊन परत येऊन काट्यावर टेकवून पाहण्याची मुभा ग्राहकाला असावी. आणि पावतीवर सही घेण्याआधी चौथा प्रश्न विचारला जावा.

पुढच्या महिन्यात मला दोन लोखंडी कपाटे आणि एक जुनी शिवणयंत्राची चौकट हलवायची आहे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे ट्रेलर घ्यायला येईन, त्यांच्याकडे मी ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचेन. काटा आणि लाकडाचा तुकडा मी आणतो. रंगाचा डबा आपल्याकडे असल्यास पट्ट्या मारायला हातही लावीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नेहमीचा ग्राहक